एक बूट म्हणजे सोपी वाट

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन. निवृत्त पोस्टमास्तर. आवाज भारदस्त, पण माझ्याइतका नाही. म्हणाले, मुलांनी आपापलं ठरवलंच आहे, आता आपण मोठ्यांनीही एकदा भेटू. मग विचारलं, तुम्हाला छंद काय? तीस वर्षं बुटांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे आजवर कोणी विचारलेलं नाही. समोर भिंतीवर ट्रेकिंगच्या बुटांचं पोस्टर होतं. म्हणालो, चालणं. रानवाटा, तळी, पडके किल्ले. ते खाकरले आणि म्हणाले, काय सांगता, माझंही तेच.

झालं. कुणाच्या तरी हॉलमध्ये अवघडून चहा पिण्यापेक्षा दोन्ही घरांनी मिळून चालायला जायचं ठरलं. ९ नोव्हेंबर, रविवार.

हे काही खोटं बोलणं नव्हे. चालणं मला मनापासून आवडतं. फक्त अजून योग आलेला नाही.

४ ऑक्टोबर

सोप्या पायवाटांची पुस्तिका आणली. प्रत्येक वाटेपुढे बुटांची चित्रं आहेत. तीन बूट म्हणजे अवघड, एक बूट म्हणजे सोपी. आमची वाट क्रमांक चार: जंगल, तळ्याला वळसा, मग टेकाडावर किल्ल्याचे अवशेष. सात किलोमीटर. एकच बूट. जरा अपमान वाटला, पण बायकामंडळी सोबत आहेत, चालायचंच.

संकल्प: उद्यापासून रोज साडेपाचला उठून पाच किलोमीटर.

५ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

गजराने आपलं काम केलं. मी माझं संध्याकाळी करीन.

संध्याकाळी ७

ढग होते.

७ ऑक्टोबर

दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवरचा जोड स्वतःसाठी काढला. नवे बूट महिनाभर घरात घालून मऊ करा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ते गिऱ्हाइकांसाठी. जाणत्या पायाला बूट आपणहून सांभाळून घेतो. बॉक्स तसाच घरी नेऊन कपाटात ठेवणार. कॅशवरच्या बाई म्हणाल्या, कळेल. त्यांना या धंद्यातलं फारसं समजत नाही. बावीसच वर्षं झालीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

बागेतल्या तळ्याला फेरी. अर्धी. अर्ध्या फेरीत तळं पूर्ण दिसतं, उरलेल्या अर्ध्यात तेच उलट बाजूने. बाकावर बसून पक्षीनिरीक्षण. बदकं, चार. तेवढ्यात आमची ही दोन फेऱ्या पूर्ण करून आली. घामाघूम. तंत्र अजिबात नाही. हळूहळू शिकवीन.

१६ ऑक्टोबर

व्याह्यांचा फोन. (अजून व्हायचेत, पण लिहायला सोपं.) सहज म्हणून विचारलं, रोज किती चालता? म्हणाले, पाच-सहा किलोमीटर तर नाश्त्याआधीच. मी म्हटलं, माझं चहाआधी होतं. ते म्हणाले, काठी डाव्या हातात बरी. मी म्हटलं, हल्ली उजव्या हातात धरतात. बराच वेळ दोघंही काठीवर बोललो. माणूस मुरलेला आहे. सांभाळून राहायला हवं.

संकल्प: काठी आणणे.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रत्यक्ष पाहणी. हिला घेऊन बसने जंगलाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे कॅन्टीन आहे. हवा उत्तम. ही म्हणाली, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. पण दोन पिशव्या, एक छत्री आणि काठी होती, कोणीतरी सामानाजवळ थांबणं भाग होतं. मी ती जबाबदारी घेतली. दीड तासाने ही परत आली ती गाल लाल करून. खंड्या पाहिला म्हणे, अगदी हातभर अंतरावर. पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला. बसमध्ये पूर्ण वेळ तेच. मला तीन ऑम्लेटं जड झाली होती. ऐकून घेतलं.

२३ ऑक्टोबर

हिने कॅशवरच्या बाईंना गाठलं आहे. बुधवारी दुकान बंद असतं तेव्हा दोघी जंगलात जाऊन आल्या. चांगलं आहे. ९ तारखेला माझ्यामागून येताना दमायला नको.

२७ ऑक्टोबर

चालणं म्हणजे नुसते पाय हलवणं नव्हे. अभ्यास लागतो. ग्रंथालयातून किल्ल्याच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. तीन वेढे, दोन फितुरी, एक आग. सगळं पाठ. त्या दिवशी अवशेषांसमोर उभा राहून वीस मिनिटं बोलेन. व्याही गार पडतील.

चालण्याचा सराव: उद्यापासून.

२ नोव्हेंबर, रविवार

मुलगी आली होती. ही स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, बाबा, खरं सांगून टाका ना. त्यांना काही वाटणार नाही. मी विचारलं, काय खरं? तिने कपाटाकडे बघितलं. मग म्हणाली, त्या घरात मला आयुष्य काढायचंय. पहिल्याच भेटीत आपण बढाईखोर ठरलो तर मला फार लागेल.

मी सांगितलं, निश्चिंत राहा, सात किलोमीटर म्हणजे माझ्या हातचा मळ. ती हसली, पण ते हसू काही मला आवडलं नाही. गेल्यावर बूट कपाटातून काढून पायात घातले आणि हॉलमध्ये दहा फेऱ्या मारल्या. बारा म्हणायला हरकत नाही.

८ नोव्हेंबर

बॅग भरली. दुर्बीण, इतिहासाचं पुस्तक, दोन टॉर्च, बारा उकडलेली अंडी, दोरी, थर्मास दोन, उशी. ही एक पाण्याची बाटली आणि संत्रं घेणार आहे. हिला अनुभव नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ९.२०. फाटकापाशी

सगळे भेटले. मुलगा उंच आणि शांत. विहीणबाई हॉस्पिटलात नर्स, बोलणं थेट. व्याही गोल टोपीत. मी सवयीने आधी पायांकडे पाहिलं. बूट कोरे करकरीत. तळाला एक ओरखडा नाही. पक्का चालणारा दरवर्षी जोड बदलतो, हा बहुधा दहावा असावा. त्यांनीही माझ्या बुटांकडे पाहून मान डोलावली.

१०.०५

बायका आणि मुलं पुढे गेली. व्याही आणि मी मुद्दाम मागे आहोत. जंगल घाईने बघायचं नसतं, यावर आमचं एकमत झालं. आतापर्यंत चार वेळा बसून बघितलं. बाबागाडी ढकलत एक आजी आम्हाला ओलांडून गेल्या. वाट फारच सोपी ठेवली आहे, अशी व्याह्यांनी तक्रार केली.

११.००

वाटेला फाटा. ते म्हणाले डावीकडे, मी म्हणालो उजवीकडे. पुस्तिका हिच्याकडे. बाणाची पाटी होती, पण पाटी बघणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं. शेवटी मधली पायवाट धरली. तीही होती, हे नशीब.

टाच दुखत नाही. दोन्ही दुखत नाहीत.

१२.१०

अवशेष सापडले. झाडीत दगडी भिंत, एक कमान, वर पिंपळाचं रोप. मी पुढे झालो आणि सुरुवात केली. पहिला वेढा, दुसरा वेढा, फितुरी. व्याही मधूनमधून भर घालत होते, धान्याची कोठारं इथेच असणार वगैरे. आगीपर्यंत आलो होतो. तेवढ्यात एक वनरक्षक आला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि अदबीने म्हणाला, साहेब, हे पाणीपुरवठ्याचं जुनं पंपघर आहे. बंद पडून वीस वर्षं झाली. किल्ला इथून अडीच किलोमीटर, मागच्या बाजूला.

मग त्याने आमच्या पायांकडे बघितलं. वनरक्षक म्हणाला, जीप घेऊन येतो, तुम्ही बसा.

१२.४०

व्याही कमानीखाली बसले आणि बूट काढला. मोजा रक्ताने भरलेला. खाली बघत म्हणाले, चौतीस वर्षं काउंटरमागे बसून काढली हो. बसस्टॉपपलीकडे कधी गेलो नाही. तुम्ही फोनवर किल्ले म्हणालात, मला वाटलं, मुलाचा बाप अगदीच बुळा आहे असं तुमच्या घरात म्हणायला नको.

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. दोन दिवसांपूर्वी घेतलेला बूट. आठ नंबर. पाय सरळसरळ नऊचा, शिवाय पुढून रुंद. मोजा काढला, थर्मासातल्या पाण्याने जखम धुतली, रुमालाची पट्टी लावली. लेस सोडून टाचेपाशी आडवी घेऊन पुन्हा बांधली, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. हे काम मी गेली तीस वर्षं रोज करतो आहे. बांधता बांधता म्हटलं, मीही पहिल्यांदाच आलो.

ते बराच वेळ हसले. मीही. मग आम्ही सात अंडी खाल्ली.

दुपारी ३.३०. कॅन्टीन

जीपने आम्हाला फाटकाशी आणून सोडलं. तासाभराने मंडळी आली, चिखलाने माखलेली आणि खूश. हिच्या केसांत पानं. किल्ल्याच्या बुरुजावर बसून यांचं सगळं ठरलं होतं. लग्न फेब्रुवारीत, साधं, पन्नास माणसांत. कोणी कुठे उतरायचं तेही. आम्हाला कळवण्यात आलं. व्याही म्हणाले, छान. मी म्हणालो, मी हेच सुचवणार होतो.

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मी म्हटलं, सांगून टाकलं मी त्यांना. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

१० नोव्हेंबर, सकाळी

पाय कोमट पाण्यात. दुकानात कॅशवरच्या बाई आहेत.

विहीणबाईंचा फोन आला होता, हिला. आता दर रविवारी दोघी जाणार. पुढच्या आठवड्यात दोन बुटांची वाट, चौदा किलोमीटर. विहीणबाई येताना व्याह्यांना आमच्याकडे सोडतील आणि हिला घेऊन जातील. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर घरात पायांत पायांत येतात, त्यांना सोबत झाली म्हणून विहीणबाईंना फार बरं वाटलं म्हणे.

मी हिला विचारलं, आणि मग आम्ही दोघांनी काय करायचं?

ही म्हणाली, बसायचं.