सुपारी फुटली त्या मंडईचं

बाबा,

परवा नागपूरला आमच्या कॉलेजातल्या जुन्या पोरांचा मेळावा झाला. पोरं म्हणजे सगळे पेन्शनर. निम्म्यांचे दात गेलेले, उरलेल्यांचे कान. एकेकानं माईकसमोर उभं राहून आपण काय झालो, लेकरं कुठं आहेत, ते सांगायचं होतं. एक जज्ज झाला. एकाचे दोन्ही मुलगे अमेरिकेत. ते त्यानं दोनदा सांगितलं. बल्लारशाचा माझा होस्टेलातला मित्र, लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बी.ए. होऊन बापाच्याच आरागिरणीवर बसला, आणि आमच्यात सगळ्यांत सुखी तोच दिसला. मी सांगितलं, मास्तर झालो, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो, नोकरीची बरीच वर्षं अहेरीत गेली, मुलगी डॉक्टर, मुलगा एसटीत. सांगून खाली बसलो. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. मुलगी पाळण्यात होती तेव्हाच तुम्ही गेलात, आणि त्याआधीही आपण कामापुरतंच बोलत होतो.

त्याचं कारण ती मंडई. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, घरोघरी पाहुणे उतरतात आणि अर्ध्या झाडीपट्टीतल्या सोयरिकी तिथंच जुळतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आपलीच जुळेल हे काही डोक्यात आलं नव्हतं. सुटी संपायच्या आत मंडई साधावी म्हणून मी आरमोरीहून चालत आलो. पायजम्याला धूळ, हातात ट्रंक. ओसरीवर पाहुणे बसलेले. मी सगळ्यांना नमस्कार करतो. त्यांतला एक फेटेवाला मला खालून वर न्याहाळतो, शंकरपटात शर्यतीला पळवायचा बैल पाहावा तसा, आणि शेजारच्याला म्हणतो, "जवाई उंच हाय." मला वाटलं, कोणाचा तरी जावई येऊन गेला असेल. मीही हसलो. मूर्ख!

मग तुम्ही मला घराच्या मागं नेलंत आणि म्हणालात, "सुपारी फुटली, बापू. तुयं लगन जमलं." तुमचा चेहरा एवढा खुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला.

"मले इचारलं काऊन नाई?"

"तुले का इचारायचं? घर चांगलं हाय, पोरगी कामाची हाय. शिकली नाई तं का झालं?"

"मले शिकलेली पायजे. अशी अंगठाबहाद्दर घेऊन मी नागपुरात कोनाच्या घरी जाऊ?"

"शब्द देला मी. आता मांगं घेतला तं चार मानसात कोनत्या तोंडानं बसू?"

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडत मीच होतो. लग्न उन्हाळ्यात झालं. पळून जायची धमक माझ्यात नव्हती आणि तुमचा शब्द मोडायचीही नव्हती. मी एवढंच केलं, की तुमच्याशी तोडून वागलो. पावसापाण्याचं, धानाचं विचारलं तर उत्तर द्यायचं, बस. तुम्हाला ते लागलं असेल. लागावं अशीच माझी इच्छा होती.

संसार तसा नीट झाला. भांडण नाही, तंटा नाही. पण शाळेत स्नेहसंमेलन असलं, कोणा साहेबाकडे चहा असला, की मी एकटाच जायचो. "मंडळींना बरं नाही" हे वाक्य मी इतकं वापरलं की अहेरीत लोक माझ्या बायकोला कायमची आजारी समजत. आणि दर वेळी, बाबा, मनात म्हणायचो, बाबांनी एकदा विचारलं असतं तर!

मेळाव्याला यंदा मुलीनं ऐकलं नाही. "आईले घेऊन जाच," म्हणाली. हिला घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत बसवलं. माझं सांगून झालं तसा आरागिरणीवाला उठला आणि म्हणाला, "भाभी, दो शब्द तुमी बी बोला." मी हातानं नको नको म्हणतोय, तोवर ही माईकपाशी पोचलीसुद्धा. पळी धरावी तसा तिनं तो माईक धरला.

"मी शाळेत गेली नाई. यायले मी नकोच होती. मंडईच्या दिशी हे मामंजीसंग भांडून राह्यले होते, अन मी कुडाच्या पल्याड वडे तळून राह्यली होती. सारं आयकू आलं. मले अंगठाबहाद्दर म्हनलं. मंग मी का करू? वडे जळू नाई देले." हॉल हसून लोटपोट झाला. जज्जसुद्धा. "पोरगी झाली, तवा हिले शिकवाच म्हनून यायच्या मांगं लागली. ते शिकवलं यायनं. आता बसते मी."

लोक टाळ्या वाजवत होते. माझे कान तापले होते. ही आपल्या आईबापाबरोबर आली असेल, आपल्याच घरात माझ्या आईला कामात हातभार लावत असेल, हे कधी माझ्या ध्यानातच आलं नाही. म्हणजे सारं ऐकून ती बोहल्यावर उभी राहिली, आणि इतकी वर्षं माझ्यासमोर ताट ठेवताना तिला ते ठाऊक होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. नागभीड मागं पडलं, तेव्हा मी विचारलं, "तुले सारं आयकू आलं होतं, तं तवाच नाई काऊन नाई म्हनली?"

तिनं फोड माझ्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानं.

"मले कोनं इचारलं होतं?"

बाबा, मी तुमच्यावर जन्मभर ज्यासाठी रुसलो, ते तुम्ही माझ्याशी एकदा केलंत. तिच्याशी तिच्या बापानं केलं, तुम्ही केलंत आणि मी रोज केलं. आता हा कागद तुम्हाला पाठवू तरी कसा, आणि तक्रार तरी कसली करू? पुढचा प्रश्न त्या एसटीतच माझ्या तोंडाशी आला होता : तवा इचारलं असतं तं का म्हनली असती? गडचिरोलीचा स्टँड येईपर्यंत मी तो विचारला नाही. घरी येऊन चार दिवस झाले, अजून विचारलेला नाही. माझं मन राखायला ती 'हो' म्हणणारी असती, तर कधीच विचारलं असतं. पण ती खरं सांगेल, याचीच मला भीती वाटते.