अण्णांचा पॅरलल फोन

भटवाडी, घाटकोपर
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच मिळालं. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल रागावू नकोस. भावोजींचा गुडघा कसा आहे? इथे मालिश करणारा एक चांगला माणूस आहे, पण त्यासाठी मुंबईला यावं लागेल आणि भावोजी येणार नाहीत हे मला माहीत आहे. कोकमं पोचली. प्रांजलची सहामाही परीक्षा सुरू आहे, गणिताला घाबरते. पाणी अजून पहाटेच येतं. जान्हवीच्या पाठीचं दुखणं चालूच आहे.

माझं काम बरं चाललंय. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत केबलचं इंटरनेट आलं. आता अंधेरीच्या ऑफिसातून आलेली फाईल मी चहा पिईपर्यंत उतरते. टेलिफोनची लाईन दिवसभर मोकळी असते. जान्हवी म्हणाली, आता फोन ठेवायचा कशाला, काढून टाकू.

आपल्या अण्णांचं वर्षश्राद्ध गावाच्या घरी करावं असं तू लिहिलंस ते मला पटतं. पण त्याच पत्रात खाली तू लिहिलंयस की रविवारी बाजारात जायचं तू सोडलंस, एसटीडी बूथवाल्याच्या समोरून जाववत नाही. आणि पुढे: ‘अण्णांचा फोन तर शुक्रवारी दुरुस्त झाला होता. मी गाडीची घाई न करता दहा मिनिटं थांबले असते, चौथ्यांदा फिरवला असता, तर त्यांच्या उशाशी वाजला असता.’

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जान्हवीने एकदाच वाचलं. पत्राची घडी घालून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “आता तुम्ही लिहा. नाहीतर मी लिहिते.”

म्हणून लिहितोय. आधी कामाचं सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे.

प्रेस बंद पडल्यावर मी कॉम्प्युटर घेतला आणि घरून जाहिरातींची, कॅलेंडरांची जुळणी करायला लागलो, हे तुला माहीत आहे. अंधेरीची एजन्सी फोटो इंटरनेटवरून पाठवायची आणि मी पान जुळवून परत पाठवायचो. हे सगळं टेलिफोनच्या तारेतून. आधी मोडेम किंचाळायचा, मग लाईन लागायची आणि मग फाईल थेंबाथेंबाने उतरायची. चाळीस एमबीच्या फाईलला साडेतीन-चार तास. तेही लाईन तुटली नाही तर. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मला उशीर व्हायला लागला तसं एजन्सीने दोन कामं दुसऱ्याला दिली. मी धास्तावलो. चाळिशीला आलेल्या माणसाला कोण नव्याने घेणार?

तिथला सौरभ म्हणून एक जण या गोष्टीतला माहीतगार. त्याला विचारलं. त्याने सांगितलं, स्पीड मोडेममुळे जात नाही, लाईनमुळे जातो. कॉल वेटिंग बंद कर, म्हणजे मधे कोणाचा फोन आला तरी इंटरनेट तुटणार नाही, करणाऱ्याला एंगेज लागेल. वायर छोटी वापर. आणि एकाच लाईनवर दुसरा फोन जोडला असेल तर तो आधी काढ, तो अर्धी ताकद खातो.

दुसरा फोन म्हणजे अण्णांचा.

तो मीच जोडला होता. आम्ही या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि अण्णा गल्लीपलीकडच्या जुन्या खोलीतून हलायला तयार होईनात, तेव्हा माझ्या खिडकीतून गल्लीवरून वायर नेऊन मी त्यांच्या उशाशी पॅरलल फोन ठेवला. दर रविवारी अकरा वाजता तुझा फोन यायचा तो तेच उचलायचे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी थंडीत त्यांना रात्री दम लागला. गिरणीतला कापूस छातीत होताच. पंपाने भागेना, तर त्यांनी स्वतः फोन करून नाक्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. मला सकाळी कळलं. डॉक्टरांचा नंबर त्यांना पाठ होता.

पण अण्णा दिवसातून चार-पाच वेळा उगाच फोन उचलायचे. चालू आहे ना ते बघायला. त्यांनी उचलला की माझं इंटरनेट तुटायचं. त्यांना तो आवाज ऐकू यायचा. एकदा जिना चढून वर आले, धापा टाकत म्हणाले, “राजू, फोनात कोणतरी कोकलता.” जान्हवी हसली होती. मीही हसलो होतो तेव्हा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी औषध कंपनीच्या कॅलेंडरची फाईल उतरत होती. थोडीच राहिली होती. अण्णांनी फोन उचलला. मी खाली गेलो आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ते खाटेवर बसून होते. माझं संपल्यावर म्हणाले, “माझ्यामुळे तुझा काम मोडला काय? माका काय म्हायत, झिला.”

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी त्यांच्या वायरचा जोड सोडला. काढतोय असं त्यांना सांगायचा धीर झाला नाही. लाईनीत बिघाड आहे, टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केलीय, असं सांगितलं. ताई, बिघाड नव्हता. तक्रारही केली नव्हती.

स्पीड जवळजवळ दुप्पट झाला. मी सौरभला फोन करून आभार मानले.

तीन आठवडे अण्णा लाईनमनची वाट बघत होते. रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर आले की खालूनच मला विचारायचे, “इलो काय रे तो लाईनवालो?” मी वरून मान हलवायचो. फोन त्यांनी फडक्याने पुसून ठेवलेला असायचा. तुझ्या फोनसाठी रविवारी दोन मजले चढून यायचे आणि बोलून झाल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहायचे, श्वास जागेवर येईपर्यंत. तुला त्यांनी दिवाळीत सांगितलं असेलच की फोन बिघडलाय. तुझ्याशी बोलताना त्यांनी टेलिफोनवाल्यांना शिव्या घातल्या, मी शेजारी उभा होतो.

आता त्या रविवारचं.

सतरा नोव्हेंबर. साडेदहाला मी कॅलेंडरची शेवटची फाईल उतरवायला घेतली. तू अकराला फोन करतेस हे मला ठाऊक होतं. बारानंतर करेल पुन्हा, असा विचार केला. काम संध्याकाळी द्यायचं होतं, पण खरं सांगायचं तर थांबता आलं असतं. इतका स्पीड कधीच मिळाला नव्हता, आणि मला ती फाईल एकदा तरी न तुटता पूर्ण उतरलेली बघायची होती. म्हणून तुला तिन्ही वेळा एंगेज लागलं. तुझी वेळ चुकली नव्हती आणि नंबरही चुकला नव्हता.

अकरा वाजले तरी अण्णा वर आले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं. हे मी जान्हवीलाही सांगितलेलं नाही. लक्षात आलं, आणि मला बरं वाटलं. आले असते तर ‘नलूचो फोन इलो काय’ विचारलं असतं आणि मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. त्यांचं दार लोटलेलं होतं. शेजारची माणसं लग्नाला गेली होती. मी पुन्हा स्क्रीनसमोर बसलो.

एक वाजता फाईल पूर्ण उतरली. मी जान्हवीला बोलावून दाखवली. ती बरं म्हणाली आणि अण्णांचं ताट घेऊन खाली गेली. तिची हाक ऐकून मी धावलो.

ते खाट आणि स्टूल यांच्यामध्ये पडले होते. पंप डाव्या मुठीत होता. फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता.

ताई, अंग अजून गार झालं नव्हतं. आणि मी आधी त्यांची नाडी बघितली नाही. आधी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. का ते मला सांगता येत नाही. हात गेला. जान्हवीने पाहिलं. मग मी डॉक्टरांकडे पळालो. ते दवाखाना बंद करत होते, तसेच आले. तपासून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “पंधरा-वीस मिनिटं आधी कळलं असतं तरी इंजेक्शन देता आलं असतं. मी सकाळपासून दवाखान्यातच होतो. फोन कसा नाही केला त्यांनी?” मी म्हणालो, सुचलं नसेल.

तीन वाजेपर्यंत गल्लीतली माणसं जमली. तुला निरोप गेला होता आणि तू येईपर्यंत ठेवायचं ठरलं होतं. मी कपडे बदलायला म्हणून वर आलो, पक्कड घेतली आणि खिडकीपाशी वायर पुन्हा जोडली. जान्हवी दारात उभी होती. सोमवारी सकाळी तू आलीस आणि भावोजींना पोचल्याचं कळवायला त्याच फोनवरून फोन केलास. तो लागला. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, हा तर चालू आहे. आणि मी पटकन म्हणालो, शुक्रवारीच दुरुस्त झाला.

एवढं एक वाक्य. त्यावर तू वर्षभर स्वतःला कोसत आलीस.

बाराव्याला बायकांमध्ये बसून तू रडत होतीस, मी अजून एकदा फिरवायला हवा होता म्हणत होतीस, तेव्हा मी दाराबाहेर पंगतीची पानं मांडत होतो. मला आत येऊन सांगता आलं असतं. तेव्हा वाटलं, आता सांगून अण्णा परत येणार आहेत का? मग वाटलं, मे महिन्यात सांगू. मग वाटलं, तू विसरशील.

ते कॅलेंडर छान झालं. एजन्सीने माझं कौतुक केलं, पुढची कामं दिली. कंपनीने ते सगळ्या दवाखान्यांत वाटलं. नाक्यावरच्या डॉक्टरांकडेही लागलं आहे, रुग्णांच्या बाकासमोर. प्रांजलला ताप आला की मी तिथे बसतो. पान बदलायला आलं की डॉक्टर मलाच सांगतात, तुमचंच काम ना हे.

जान्हवी माझ्याशी भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती वर्षभर जेवायला वाढते, बोलते, सगळं करते, पण मी कॉम्प्युटरवर बसलो की त्या खोलीत येत नाही. परवा तुझं पत्र वाचल्यावर मी तिला म्हटलं, ताई मला तोडेल. ती म्हणाली, “तोडतील कदाचित. पण त्या रोज स्वतःला तोडतायत त्याचं काय?”



तेव्हा हे नीट वाच, आणि पुन्हा वाच. अण्णांचा फोन त्या दिवशी मेलेला होता. तो मी मारला होता. तू चौथ्यांदा, दहाव्यांदा फिरवला असतास तरी त्यांच्या खोलीत काही वाजलं नसतं. तुझ्या हातून काहीही राहिलेलं नाही. तू रविवारी बाजारात जा. बूथवाल्याचा काही दोष नाही, तुझाही नाही.

हे पत्र भावोजींना दाखव. गावच्या चुलत वहिनींना आणि आत्यालाही वाचून दाखव, कारण शुक्रवारच्या दुरुस्तीची गोष्ट मी सगळ्यांनाच सांगितली आहे. फोनवरून हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला.

श्राद्धाला पिंड मी द्यायचे का, हे तू ठरव. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही, भटजींना आणि भावोजींना सांगून जे करायचं ते करा. ये म्हणालीस तर आदल्या दिवशी येईन आणि तुला जे बोलायचं असेल ते समोर बसून ऐकेन. मधे बोलणार नाही. माफ कर असं लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि वर्षभर तुझ्यावर जे लादलं तेवढं पुरे आहे.

अण्णांना फसवलेला आणि तुझ्याशी खोटं बोललेला,
तुझा धाकटा भाऊ
राजेश