कतरनीचा पडदा

प्रिय नूर आपा,

गेल्या आठवड्यात तुला नाटकाचं बोलावणं करायला म्हणून मी महागावला गेले होते. मुकुटबनहून निघायचं, यवतमाळला गाडी बदलायची, चाचांच्या, तुझ्या अब्बांच्या, शिलाईच्या दुकानात जाऊन तुझ्या सासरचा पत्ता घ्यायचा आणि तिथूनच तुला चिठ्ठी टाकायची, असं सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. चाचा मशीनवर बसले होते. मी म्हटलं, "चाचा, मी सोनी, तांड्यावरची. आपाचा पत्ता द्या ना." त्यांचा पाय मशीनवर थांबला. "नूर तो गई, बेटी," ते म्हणाले. "रमजान के पहले. बुखार का बहाना हुआ."

आणि मी वेडी त्यांना विचारते, "कुठं गेली?"

म्हणून हे लिहायला बसले आहे. पत्ता मिळाला नाही, पण बोलायचं तर आहेच. आपा, मी बाई झाले. यवतमाळला शिकले, मुकुटबनला शाळा मिळाली. उद्या माझ्या शाळेतल्या मुलांचं पहिलं नाटक आहे. हे सगळं तुला तोंडानं सांगायचं होतं, तुझा चेहरा बघत. एवढी काय घाई होती तुला?

तुला आठवतं, मी पहिल्यांदा दुकानात आले ते? बाजाराच्या दिवशी माझी आई, माझी याडी, चाचांकडे कतरन घ्यायला यायची. कपडे शिवून उरलेले तुकडे, आमच्या बायकांना ते कांचळीवर, म्हणजे चोळीवर, भरतकाम करायला लागायचे. याडी तुकडे निवडत बसली आणि मी आतल्या दाराच्या चिकाच्या पडद्याशी येऊन उभी राहिले. चिकाआड तू काज-बटणं करत होतीस आणि तुझ्याभोवती बसलेल्या मुलांना राक्षसाची गोष्ट सांगत होतीस. राक्षस बोलायचा तेव्हा तुझा आवाज जमिनीखालून यायचा. मी तशीच उभी. तू म्हणालीस, "ये वं आत. बाहेर काहून उभी राह्यली? राक्षस बाहेरच फिरून राह्यला."

तेव्हा आपल्या गावात पोरांना काय होतं? पोरगा मोठा झाला की दंडारीत नाचायचा, भजनात टाळ धरायचा. आमच्या तांड्यावर होळीला लेंगी गायचे. पण पोरींना गाऊन-नाचून झालं की मागं बसायचं, आणि ओट्यावर उभं राहून बोलायचं तर नावच नको. तू मुलांकडून शाळेच्या ओट्यावर बसवून घ्यायचीस त्या नाटकात बाईचं काम असलं तरी ते गण्यालाच मिळायचं. गण्या, तुझ्या शेजारच्या न्हाव्याचा पोरगा, साडी नेसून इतका नटायचा की त्याची आजी त्याला ओळखायची नाही.

आणि मग ऐन नाटकाच्या तोंडावर गण्याचा आवाज फुटला. बोलायला गेला की अर्धा रेडा, अर्धी बकरी. जत्रेत हरवलेल्या मुलीचं नाटक होतं ते, तूच रचलेलं, आणि मुलगी म्हणून तो उभा राहिला की सगळे लोळून हसायचे. तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, "गण्या आई होईन. पोरगी सोनी होते."

केवढं काहूर उठलं त्यावरून! तांड्याच्या नायकानं माझ्या बापूला बोलावून घेतलं. "पोरगी ओट्यावर उभी करायले निघाला काय? उद्या तिले कोन करून घेईन?" तुला तांड्यावर येणं शक्य नव्हतं, म्हणून तू याडीला दुकानात बोलावलंस. तुम्ही दोघी चिकाआड काय बोललात ते मला कधीच कळलं नाही. तू सांगितलं नाहीस, याडीनंही नाही. घरी जाताना याडी एवढंच म्हणाली, "एक डाव करून पाहाय. लोक हासले तं शाळा बंद, नाटक बंद. बकऱ्या घेऊन जायचं."

म्हणजे माझं सगळं त्या एका दुपारवर होतं. तुला ते माहीत होतं. मला रोज एकच सांगायचीस, "भेवू नको. तू अटकली तं मी मागून सांगतो."

त्या नाटकासाठीच तू पडदा शिवलास. दुकानातल्या कतरनीचा. पाटलांच्या कोटाचा तुकडा, गुरुजींच्या सदऱ्याचा, माझ्या शाळेच्या पोलक्याचा. लोक यायचे ते आधी आपापला कपडा शोधायचे त्यात. मधोमध याडीनं दिलेला जुन्या कांचळीचा तुकडा होता, आरशांचा. ऊन पडलं की आरसे चमकायचे, पण ते समोरून. मागून बघितलं तर नुसते टाके आणि गाठी. आणि तू तर कायम मागेच. लोक जमायच्या आत बुरखा घेऊन मागच्या गल्लीनं शाळेत यायचीस, वर्गाच्या दारात पडद्याला चिकटून बसायचीस आणि सगळे गेल्यावर निघायचीस.

त्या दुपारी बाजार अर्धा उठून शाळेपुढे आला होता. मागं, निंबाखाली, आमच्या तांड्यावरच्या बायका. मी जत्रेत हरवले, रडले, फुगेवाल्याला विचारलं, पोलिसाला विचारलं. सगळं नीट चाललं होतं. मग गण्या साडी सावरत समोरून आला आणि मला त्याला बघून फक्त "आई" अशी हाक मारायची होती. एवढा एक शब्द, आपा. तोच गेला.

तुझा आवाज आला, "आई." परत आला, "आई म्हन, सोनी." मला ऐकू येत होतं. पण हरवलेली पोर घरी 'आई' असा शब्दच कधी म्हणाली नव्हती ना! मी सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "याडी!"

लोक हसायला लागले तोवर निंबाखालून माझी याडी ताडकन उभी राहिली. तिला वाटलं मी खरंच तिला बोलावते आहे. एवढ्या गर्दीतून तिनं काय झालं म्हणून आमच्या बोलीत आवाज दिला, "कांई छ, बेटी?"

मग तर विचारू नकोस. हसणं ओट्यावर आदळलं. गण्या खांबासारखा उभा. मला बकऱ्या दिसायला लागल्या. आणि पडद्यातून तुझा आवाज आला, अगदी शांत, भाजी निवडताना बोलावं तसा. "गण्या, ते बाई म्हनते तेच म्हन."

गण्यानं म्हटलं. फुटक्या आवाजात, चुकीचं, "काई से, बेटी?" पण म्हणताना त्यानं हात पुढे केले. मी धावत जाऊन त्याच्या पोटात डोकं खुपसलं आणि जी रडले ते नाटकातलं नव्हतं. हसणं हळूहळू बसलं. निंबाखालच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. नायक त्यांच्या मागे उभा होता.

सगळे पांगल्यावर मी तुझ्याकडे आले, मान खाली घालून. "आपा, माझा बोल चुकला."

"काहून रडून राह्यली वं? कोनाचा बोल चुकला? पोरगी तांड्यावरची हाय हे मलेच नोतं ठाव. आता हाच बोल ठेवायचा." आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तोच राहिला. गण्यानं याडीकडे जाऊन "कांई छ" नीट घोटून घेतलं. मला कोणी बकऱ्या वळायला पाठवलं नाही. पुढच्या वेळी बापू स्वतः बैलगाडी भरून माणसं घेऊन आला.

पण त्या दिवशी माझे डोळे पुसून झाल्यावर तू जे विचारलंस, ते तू दर नाटकानंतर विचारायचीस. "समोरून कसं दिसलं वं?" आम्ही सांगायचो, पडदा उघडला, आरसे चमकले, लोक हसले. तू म्हणायचीस, "हासले ते मले ऐकू आलं. हासताना कसे दिसत होते ते सांग." पाटलांचं पोट कसं हललं, कोणाच्या आजीनं तोंडावर हात घेतला, सगळं खोदून खोदून विचारायचीस. आणि ऐकताना पडद्याचे टाके बोटांनी चाचपत राहायचीस.

एकदा मी तुला म्हटलं होतं, "आपा, मी मोठी झाली का तुले समोर बसवीन." तू हसलीस. "मी समोर बसली तं मागून सांगन कोन?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही.

आपला जिल्हा महाराष्ट्रात आला त्याच सुमारास तुझं लग्न झालं, तू आदिलाबादकडे गेलीस. नाटक तिथंच थांबलं. गण्या दुकानात हजामती करायला बसला, बाकीचे कापूस वेचायला, ढोरं वळायला. गावात कोणी बंद केलं नाही, पण मागून सांगणारंच उरलं नाही. एक राग आहे माझा तुझ्यावर. एवढ्या वर्षांत चाचांकडून एक निरोप धाडायचास. सोनी कशी आहे, एवढंच. तिकडे तुझ्याभोवती कोणी मुलं बसायची का गं? राक्षस बोलायचा का? आजारी पडलीस तेव्हा तुझ्या उशाशी कोण होतं?

त्या दिवशी दुकानात चाचांनी मला पाणी दिलं, मग उठून कोपऱ्यातल्या बंद मशीनवर झाकलेलं कापड ओढलं. तोच पडदा. कडा विरल्या आहेत, दोन आरसे गेले आहेत. "ले जा," म्हणाले. "उस के हाथ का है. मेरे से देखा नहीं जाता."

काल तो शाळेच्या ओट्यावर टांगला. आमच्या वर्गात लच्ची नावाची मुलगी आहे, कोलामांच्या पोडावरची, वस्तीवरची. सगळ्यांचे सगळे बोल तिला पाठ आहेत. मुलांनी साहजिकच तिला पडद्यामागं बसवलं. कोणी अडकलं की बरोबर हळू आवाजात सांगते. पडदा टांगल्यावर ती कितीतरी वेळ समोर उभी राहून आरसे बघत होती. मग मला म्हणाली, "बाई, उद्या हे मले दिसन का मागून?"

आपा, त्या क्षणी मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. किती उशिरा आलं बघ.

मागून मी सांगेन. उद्या लच्ची समोर बसणार आहे, अगदी पुढे. आणि यापुढेही माझ्या शाळेत जे पोर पडद्यामागं बसेल ते एका खेपेला तरी समोर बसेल, आणि त्या खेपेला त्याच्या जागेवर मी असेन. तुला हा शब्द देते. नाटक तेच आहे, जत्रेत हरवलेल्या मुलीचं, आणि त्या मुलीचं काम करणारं प्रत्येक पोर आईला आपल्या घरच्या शब्दानं हाक मारेल.

सगळं संपलं की मी पडद्यातून डोकं बाहेर काढून लच्चीला विचारीन, "समोरून कसं दिसलं वं?"

ती जे सांगेल ते तुझं.

तुझी,
सोनी