पाटीची मागची बाजू

चंदीगड,
८ सप्टेंबर १९८७

ती. स्व. सौ. अक्कास,
गुरुनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझी राखी गेल्या गुरुवारी पोचली. पौर्णिमा होऊन तीन आठवडे उलटले होते, पण इथे सध्या टपालाचा नेम नाही. विनया म्हणाली, बायकोने कसली राखी बांधायची. शेवटी दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावून मीच दातांनी गाठ ओढून बांधून घेतली.

या वर्षी शाळेने पाचवीला नवा निबंध लावला आहे. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून द्यायचे. आजवर मी गाय, माझा मित्र, आवडता ऋतू एवढेच लिहून घेत आलो. पटवणे कसे शिकवतात, कळेना. पहिल्या दिवशी मुलांनी लिहिले की सायकल हवी, कारण सायकल नाही. एकाने वडिलांना बजावले की सायकल आणली नाही तर जेवणार नाही. मी म्हटले, हे पटवणे नव्हे, हा उपास झाला. वर्ग हसला, पण दोन्हींत फरक काय, ते मलाही धड सांगता आले नाही.

मग मी सांगितले की घरातल्या ज्या माणसाशी तुमचे जमत नाही, त्याला लिहा, आणि आपल्या प्रत्येक कारणाला तीनदा ‘का’ विचारा. अनु सिंगला नावाची एक मुलगी आहे. चंदीगडजवळच्या खरड गावाहून बसने येते. वडिलांचे तिथे बियाण्यांचे दुकान. दुकानाच्या शटरखालून कोणी धमकीची चिठ्ठी सरकवली, तेव्हापासून ते सगळे विकून भावाकडे पानिपतला जायचे म्हणत आहेत. अनुने लिहिले की जाऊ नये. पहिले कारण, आजीची खाट दारातून निघत नाही आणि आजी खाट सोडत नाही. मी ‘का’ विचारत राहिलो. चौथ्या दिवशी तिने लिहून आणले की पापांची, म्हणजे वडिलांची, पाठ दुखते म्हणून शेजारचे कर्नैलसिंग ताऊजी रोज आमचे शटर उघडून देतात. आम्ही गेलो तर लोक शीख म्हणून ताऊजींकडेच बोट दाखवतील.

दहा वर्षांची पोर. मी वीसपैकी एकोणीस गुण दिले आणि वडिलांना दाखव म्हटले. असा वर्ग मला कधी लाभला नव्हता.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा,
गुरुनाथ


आजरा,
१९ सप्टेंबर १९८७

चि. गुरू यास अ. उ. आ.

पत्र मिळालं. राखी दातांनी बांधलीस हे वाचून हे इतके हसले की चहा सांडला. भात पोटरीला आलंय, पाऊस बरा आहे, म्हशीला रेडी झाली.

रेडिओवर पंजाबचं नाव निघालं की मी चुलीपाशी असले तरी उठून येते. गावांची नावं ऐकते. चंदीगड नाही म्हटलं की परत चुलीपाशी. हे मला चिडवतात, पण तेही आवाज मोठा करतात.

आता कामाचं. यांचा पुतण्या विलास बेळगावाहून आला होता. तिथल्या तुमच्याच केंद्रीय खात्याच्या शाळेत जागा निघते आहे. बदलीचा अर्ज तीस नोव्हेंबरपर्यंत द्यायचा. कोरा फॉर्म सोबत घातला आहे. बेळगाव म्हणजे सकाळी निघालास तर माझ्याकडे जेवायला येशील. तुझी पन्नाशी आली. तिथं ना नातं, ना गोतं. विनयाने बाजारात जायचं तर पोलिसांनी पिशवी तपासायची, हे काय जगणं?

सात पत्रांत सातदा लिहिलं, एकदा उत्तर नाही. पोरांना कारणं द्यायला शिकवतोस. मला एक तरी कारण दे.

विनयाला आशीर्वाद. आमचा जीव तुमच्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.
तुझी अक्का


चंदीगड,
५ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाला. तो दत्ताच्या तसबिरीमागे ठेवला आहे. त्याविषयी आज लिहिणार नाही, कारण दुसरेच काही होऊन बसले आहे आणि माझी मती चालत नाही.

गेल्या महिन्यात अनुचे वडील शाळेत आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. दुकानाला गिऱ्हाईक मिळाले होते, विसारही ठरला होता. मुलीचा निबंध वाचून त्यांनी नकार कळवला. म्हणाले, मला जे कोणालाच समजावता आले नाही ते मास्टरजी, तुम्ही समजावलेत. निबंध त्यांनी काचेत घालून गल्ल्याच्या वर टांगला आहे. मला अभिमान वाटला. खोटे कशाला सांगू?

नंतर आठ दिवसांत खरडपासून दोन कोसांवर एका दुकानदाराला दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. तो सिंगला नव्हता. पण त्या दिवसापासून सकाळी हजेरी घेताना अनुच्या नावापाशी मी मान वर करून तिच्या बाकाकडे बघतो. ती ‘उपस्थित’ म्हणते आणि मी पुढच्या नावाकडे जातो.

अक्का, ते कारण तिचे होते की माझे? मी ‘का’, ‘का’ विचारत गेलो आणि मला आवडेल असे उत्तर आले तेव्हा थांबलो. आणखी एकदा विचारले असते तर कदाचित ती दुसरेच काही म्हणाली असती. तू माझ्याकडे कारण मागतेस, ते मला सापडत नाही. मग इथेच राहावे हे मी एका पोरीकडून लिहून तर घेतले नाही? पहाटे जवळच्या गुरुद्वारातला पाठ ऐकू येतो, त्याच वेळी मी दिवा लावतो. हात जोडतो आणि काय मागायचे ते ठरत नाही. सिंगला राहावेत असे मागू की जावेत असे?

तुला सुचेल ते लिही. रागावून लिहिलेस तरी चालेल.
गुरुनाथ


आजरा,
१४ ऑक्टोबर १९८७

चि. गुरू यास अ. उ. आ.

रागावले नाही. घाबरले मात्र आहे.

तू अर्धाच धडा शिकवलास. विष्णुपंत मास्तर आठवतात ना? एका खोलीत चार इयत्ता, मी चौथीला, तू पहिलीला. मास्तरांकडे काही मागायचं असलं की पाटीच्या पुढच्या बाजूला आपलं म्हणणं लिहायचं आणि मागच्या बाजूला, जो नाही म्हणणार त्याचं म्हणणं. मास्तर मागची बाजू आधी वाचायचे. ती कच्ची निघाली की ओलं फडकं फिरवायचे, पुढचं वाचायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, समोरच्याला ‘हो, हेच माझं म्हणणं’ अशी मान हलवता आली पाहिजे.

तुझी गोष्ट विसरलास वाटतं. तिसरीत तू रवळनाथाच्या जत्रेसाठी सुट्टी मागितलीस आणि मागच्या बाजूला मास्तरांचं म्हणणं इतकं चांगलं लिहिलंस की तुझं तुलाच पटलं. जत्रेच्या दिवशी तू एकटा शाळेच्या पायरीवर बसलेला, आणि मास्तर जत्रेत माझ्यासमोर बत्तासे घेत होते. सुट्टी त्यांनी सगळ्यांनाच दिली होती.

तर त्या पोरीकडून वडिलांची बाजू लिहून घे. आणि बाबा, माझीही एक बाजू आहे. तीही कधी लिहून बघ.

दिवाळीचं फराळाचं विलासबरोबर बेळगावाहून पार्सल केलं आहे. पोचेपर्यंत चकल्या मऊ पडतील, माया नाही पडणार.
अक्का


चंदीगड,
१२ नोव्हेंबर १९८७

ती. स्व. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चकल्या पोचल्या, खरेच मऊ. विनयाने तव्यावर गरम करून दिल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांना पान उलटायला लावले. पाठीमागे नाही म्हणणाऱ्याची बाजू लिहा म्हटले. सायकलवाल्याने वडिलांची बाजू लिहिली आणि मागणी मागे घेतली. आता त्याला फुटबॉल हवा आहे. अनुचे पान दोन दिवस कोरे होते. तिसऱ्या दिवशी तिने लिहिले. पापा शटरचे कुलूप चार वेळा ओढून बघतात. पापा रस्त्याकडे तोंड करून जेवतात. माझी बस उशिरा आली त्या दिवशी पापा कोपऱ्यावर उभे होते आणि त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

एवढेच. कारण म्हणून एकही वाक्य नव्हते. मी तिला ‘का’ विचारले नाही. दाखव असेही म्हटले नाही, पण तिने घरी दाखवले.

आजी, आई आणि अनु पानिपतला गेल्या. वडील दुकानात राहिले. आजीची खाट बाहेर काढायला कर्नैलसिंगांनी आपली करवत आणून दाराची चौकट कापली. म्हणाले, परत आलात की मीच बसवून देईन. हे मला अनुच्या वडिलांनी सांगितले, दाखला न्यायला आले तेव्हा. या खेपेला त्यांनी माझे हात धरले नाहीत, पण जाताना वळून नमस्कार केला. तो रागाचा होता की कसला, मला कळले नाही.

जाण्याआधी अनुने वर्गात विचारले, “सर, दोन्हींतलं खरं कोणतं?” वर्षारंभी त्रेचाळीस मुले होती, घरे हलता हलता आता छत्तीस उरली आहेत, सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, दोन्हींत अक्षर तुझेच आहे. हे उत्तर झाले का? तिने मान हलवली नाही. वही माझ्या हातात दिली आणि कपाटात ठेवायला सांगितली. परत आल्यावर घेईन, तोवर कोणाला देऊ नका म्हणाली.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मीही लिहिले. फॉर्म भरून सोबत पाठवतो. पुढच्या बाजूला बदली का हवी ते आहे. ते तुझेच म्हणणे आहे, जमेल तितके मनापासून लिहिले. मागे कोऱ्या जागेत पेन्सिलीने माझे. कार्यालयासाठी नाही, तुझ्यासाठी. खोडून टाकता येईल. वाचून उलट टपाली पाठव. तीस तारखेच्या आत मिळाला तर मुख्याध्यापकांच्या हाती देईन. मला ठरवता येत नाही, म्हणून तुझ्याकडे सोपवतो. हा भित्रेपणा असेल तर तसे म्हण.

कोणती बाजू आधी वाचायची ते तुला ठाऊक आहे.
गुरुनाथ


आजरा,
२ डिसेंबर १९८७

चि. गुरू यास अ. उ. आ.

फॉर्म वीस तारखेला मिळाला.

मागची बाजू आधी वाचली. एकच ओळ. ‘वही मागायला येईल तेव्हा कपाट उघडायला ओळखीचे माणूस हवे.’ मला संताप आला. सख्ख्या बहिणीपुढे एक वही? मग पुढची बाजू वाचली. तिच्यात तू माझं म्हणणं माझ्याहून चांगलं मांडलं आहेस. रेडिओचा आवाज, चुलीपासून उठून येणं, सगळं आलंय. वाचता वाचता मी माझ्यासाठीच रडले.

दुसऱ्या दिवशी भाकरी भाजताना तुझ्या त्या ओळीला तुझ्यासारखंच ‘का’ विचारत बसले. तिसऱ्या ‘का’ला भाकरी करपली. हे म्हणाले, आज ध्यान कुठं आहे? मी सांगितलं, कपाटात.

फॉर्म टपालात टाकायच्या आधी एक दिवस देवापुढे ठेवावा म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. तो तिथंच राहिला. तीस तारीख गेली. विलास फार बोलला. त्याला सांगितलं, वय झालं, विसरले. त्याला पटलं. देवाला काय सांगू ते मात्र कळत नाही, कारण रोज सकाळी फूल वाहताना मी तो कागद बाजूला सरकवत होते.

रेडिओ चालूच आहे. खरडचं नावही आता ऐकायच्या यादीत घेतलं आहे. सिंगलांची खबर लागली की दोन ओळी टाक. विनयाला माझ्यावर रागावायचं असेल तर रागावू दे, तुझ्यावर नको.

तुझी,
अक्का