पपनसाच्या बागेतल्या मुंग्या

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळचे ९ वाजून २० मिनिटे. देवनहळ्ळीजवळच्या पपनसाच्या बागेत पोहोचलो. खोलीतल्या खुंट्यांवर कपडे लावतो आहे. निपाणीत नववीला शाळा सुटली, त्यानंतरची ही पहिली पक्की नोकरी. खोली स्वच्छ आहे. धाकटी बहीण कस्तुरी हिचे २३ तारखेला लग्न. मालकांनी फोनवर सुट्टी कबूल केली.

इथे औषध फवारत नाहीत. झाडांवर तांबड्या मुंग्या पाने शिवून राहतात, त्याच कीड खातात. जुन्या कामकरीण यल्लव्वाक्का अथणीच्या. त्यांनी मनगटांना गुळाचे पाणी लावायला सांगितले, म्हणजे मुंग्या माणूस ओळखतात.

बुधवार, ५. एकही मुंगी चावली नाही. पानाखाली मावा पाहिला. मुंग्या त्याला मिशांनी कुरवाळतात, तो गोड थेंब सोडतो, त्या पितात आणि त्याची राखण करतात. अक्का म्हणाल्या, ती त्यांची गुरं.

मंगळवार, ११. मी रोज दोन वेळा न चुकता गूळपाणी लावतो हे ऐकून अक्का हसल्या. मला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. "तम्मा, नवरदेव हाईस काय, रोज हळद लावल्यागत!" मग माझी मनगटे पदराने पुसली. ओळख एकदाच द्यायची असते, म्हणाल्या. रोज दिलं की मुंग्या हक्क सांगतात.

शुक्रवार, १४. गूळ बंद. साबणाने तीनदा हात धुतले, तरी मनगटावर येतात. चावत नाहीत, मिशा फिरवतात. घाम चाखला. गोड. अक्कांना साखरेचा आजार वाटला, दवाखान्यात चल म्हणाल्या. फाटकाशी पोचताच मुंग्यांनी चावून पावले फोडून काढली. मागे फिरलो, थांबल्या.

सोमवार, १७. अक्कांनी हात धरून मला बाहेर ओढले. मुंग्या त्यांच्या डोळ्यांपर्यंत चढल्या. मला एकही चावली नाही. अक्का एकट्याच फाटकाबाहेर गेल्या.

गुरुवार, २०. खिडकी बाहेरून पानांनी शिवली आहे. डास येत नाहीत. कस्तुरीचा फोन — दादा, निघालास काय? हो म्हणालो.

शनिवार, २२. दुपारचे १२ वाजून १० मिनिटे. पिशवी भरली. बस तीनची. फाटक उघडे — तिथे एकही मुंगी नाही. सगळ्या माझ्या हातावर. हळूहळू कुरवाळतात — थेंब येतो — बरे वाटते. कस्तुरी वाट बघेल, पण यांचे पिणे अजून — उपाशी टाकून मी कसा नि—