हात वर केला की थांबायचं

४ जून

"दाताचा दवाखाना आहे हा, स्पा नाही." इति सर.

मी फक्त एवढंच विचारलं होतं की मागच्या खोलीतलं लाफिंग गॅसचं मशीन आपण वापरत का नाही. चांगलं मशीन आहे. सध्या त्यावर ॲप्रन वाळत घालतात. लिटरली.

सरांचं म्हणणं, इंजेक्शन नीट दिलं की दुखत नाही, मग गॅस हवा कशाला? अहो सर, दुखणं वेगळं आणि दुखेल ही भीती वेगळी. अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. डिग्री असली तरी इथे मी अजून "ती नवीन मुलगी" आहे.

पण सोडणार नाही. बघाच.

५ जून

आत्याचा गाल परत सुजला. डावीकडची खालची दाढ, आत पू. गोळ्या घेते, उतरतं, परत येतं. एक दिवस गोळ्या दाद देणार नाहीत आणि इन्फेक्शन गळ्यापर्यंत जाईल. हे सगळं मी तिला सांगितलं. "हो हो, काढू," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. हे "काढू" मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय.

आणि त्यात भर बाबांची! सफरचंदाच्या नेहमीसारख्या कागदाएवढ्या पातळ चकत्या करत म्हणतात, "घरात डॉक्टर आहे तरी हिची नाटकं चालूच. भित्री भागूबाई."

आत्या हसली. सुजलेल्या गालाने हसली. मला इतका राग आला ना.

८ जून

खाली आत्याच्या घरी गेले, पलंगावर मांडी ठोकून बसले आणि फुल लेक्चर दिलं. तीन ऑप्शन आहेत. गॅस — नाकावर मास्क, हलकं हलकं वाटतं, पण तू जागी असतेस, आणि बंद केला की काही मिनिटांत उतरतो. गोळी — आधी घ्यायची, गुंगी येते, घरी न्यायला कोणीतरी लागतं. आणि शिरेतून औषध — त्याला भूलतज्ज्ञ बोलवायचा, नंतर बरंचसं आठवतच नाही.

मला वाटलं, तिसऱ्यावर उडीच मारेल.

"आठवत नाही म्हणजे? माझ्या तोंडात काय केलं ते मलाच माहीत नको?"

तिसरा कट.

मग बराच वेळ उशीची खोळ नीट करत बसली. "त्या गॅसमध्ये हात वर करता येतो का गं?"

"येतो की."

"तू घेतलायस?"

"...वाचलंय."

"मग घेऊन ये. मग बोलू."

एवढी डिग्री आणि आत्याने दोन वाक्यांत नापास केलं.

११ जून

घेतला!

माझ्या एका दाढेत बारीक कीड होती, ती कामी आली. सर आधी नाही म्हणाले, मग मी रोज तेच तेच बोलून त्यांचं डोकं खाल्लं, मग म्हणाले, "बरं बाई, तुझ्यावरच करू." मशीन दुरुस्तीवाला येऊन सगळं तपासून गेला. ॲप्रनना नवीन दोरी.

आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस. पायाच्या बोटांना मुंग्या. हात जड. ड्रिलचा आवाज येत होता, पण शेजारच्या घरात काम चालल्यासारखा. मस्त. सगळ्या जगाला सांगावंसं वाटलं.

मग एकदा पाणी घशात गेलं. हात वर केला. नीट, पूर्ण वर. सरांनी बघितलं. "झालंच," म्हणाले. आणि चालू ठेवलं.

झालंच होतं तसं. दहा सेकंदांचं काम असेल. पण त्या दहा सेकंदांत गॅस कुठे गेला कुणास ठाऊक. मी खाडकन जागी!

१२ जून

आत्याला मुंग्या सांगितल्या, शेजारचं घर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हात वर केलास?"

"केला."

"थांबले?"

खोटं बोलता आलं असतं. दाढ निघाली असती. नाही बोलले.

मग तिने सांगितलं. आठ वर्षांची होती. दात काढायला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखलं तर हात वर कर, मी थांबेन. तिने केला. तर ते म्हणाले, हिचे हात धरा रे. "दादाने धरले. बारा वर्षांचा होता तो. सांगितलं म्हणून धरले. रडत होता तोही." दादा म्हणजे बाबा.

आणि तेच बाबा भित्री भागूबाई म्हणतात!

१३ जून

बाबांशी बोलले नाही. ते सफरचंद कापत होते.

१६ जून

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "आत्याची दाढ मी काढणार. गॅस लावून. आणि तिने हात वर केला की मी थांबणार. प्रत्येक वेळी."

"पन्नासदा करेल."

"करू दे."

"बाहेर पेशंट ताटकळतील."

"शेवटची अपॉइंटमेंट ठेवते."

"घरच्या माणसाचा दात काढू नये. हात कापतात."

"मग तुम्ही शेजारी बसा सर. पण ती थांबा म्हणाली की तुम्ही पण थांबायचं. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी थांबला नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, गेली नोकरी. गेली तर गेली, दुसरी बघू. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर बरं वाटलं असतं मला. "केला होतास हात वर?" म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "शनिवारी ठेव," म्हणाले.

२१ जून, शनिवार

झालं. नीट लिहून ठेवते.

आत्या हलकंच खाऊन आली, पर्स घट्ट पोटाशी धरून. मास्क लावला. मिनिटभरात म्हणते, "लागला बरं का गॅस. छान वाटतंय." आत्या, अजून नुसता ऑक्सिजन आहे! ती हसली, मास्कवर वाफ आली. मग खरा गॅस सुरू केला. खांदे खाली आले. पर्स सरांनी काढून घेतली, तिला कळलंही नाही.

इंजेक्शन द्यायला गेले — हात वर. थांबले. परत गेले — हात वर. थांबले, सुई ट्रेमध्ये ठेवली. सर खुर्चीत चुळबुळले. मी बघितलं त्यांच्याकडे. ते मागे टेकले.

तिसऱ्यांदा हात खालीच राहिला, इंजेक्शन दिलं. त्यानंतर एकदाच वर झाला, दाढ हलायला लागल्यावर. हात खाली यायची वाट बघितली. आला. दाढ निघाली.

नंतर बाहेर बसून कापूस चावत, बोबड्या बोलात: "पहिले दोन हात उगाच होते. दुखत नव्हतं. बघत होते."

सर म्हणाले, "बघ, म्हणजे गॅसची गरजच नव्हती." नाही सर! मास्क होता म्हणून ती खुर्चीत बसली. मी थांबले म्हणून बसून राहिली. दोन्ही लागलं. तोंडावर म्हटलं हे. यावेळी गिळलं नाही.

२३ जून

ॲप्रनची दोरी गच्चीत हलवली. मशीन पुढच्या खोलीत. सरांनीच ढकलत आणलं.

२८ जून, शनिवार

शेवटची अपॉइंटमेंट. वहीत नुसतं "आत्या" होतं. आली, पण मागे बाबा. खुर्चीत तेच बसले. तोंड उघडल्यावर कळलं — दोन्हीकडच्या चार दाढा किडून गेलेल्या. कित्येक वर्षांच्या! त्या सफरचंदाच्या चकत्या मी रोज बघत होते, आणि मी म्हणे डॉक्टर.

मास्क लावला तशी बाबांनी न बोलता आत्याचा हात शोधला. तिने त्यांच्या हातावर थोपटलं, आणि सोडला.

"हात मोकळा ठेव, दादा. वर करायला लागेल."