लाल शाईतले शेरे

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिट्टीच्या झोपेला अखेर नाव मिळालं: नार्कोलेप्सी. आमची बदली होऊन इथे आल्यापासून ती हसता हसता गुडघ्यांतून कोसळते, तेही त्यातलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशींवर उलटली असावी. लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं एक औषध दर महिन्याला सलाइनमधून देऊन बघता येतं. खात्री नाही, आणि दुखणं सहा महिन्यांच्या आतलं असेल तरच त्या हात घालतात. मी सांगितलं, तीनच महिने झालेत. आता शाळेचा कागद हवाय. गेल्या वर्षी तुझ्या वर्गात होती तेव्हा ठणठणीत होती, एवढंच लिही.

शेजारीण म्हणते, पोरीला सोंगं छान जमतात. शी! किळस येते गं अशा माणसांची. तुझ्या त्या आखीव अक्षरात लवकर लिही, मास्तरीणबाई.

तुझ्या कागदाची वाट बघणारी,
धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कागद लिहायच्या आधी बिट्टीची शेऱ्यांची वही काढली. पहिला शेरा मागच्या जूनचा: ‘गणिताच्या तासाला झोपते. उभं केलं.’ मग महिन्याभरात आणखी नऊ. एकदा सगळा वर्ग हसला आणि ती फळ्यापाशी कोसळली. मी लाल शाईत लिहिलंय, ‘नाटकी.’

भाचीचे लाड करते असं कुणी म्हणू नये म्हणून तिला इतरांपेक्षा जास्त वेळ उभं करायचे. डोळे मिटले की टेबलावर पट्टी आपटायची. पोरं फिदीफिदी हसायची आणि मला ते आवडायचं. किळस करायचीच तर माझी कर. शेजारणीला कशाला नावं ठेवतेस?

चौदा महिने झालेत. खोटं लिहून पोरीला भलतं औषध टोचवणार नाही. वही पाठवतेय, जशीच्या तशी. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर बघू नकोस.

तरीही तुझीच,
ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

चार दिवस तुला शिव्या घातल्या, मग वही न उघडताच दवाखान्यात घेऊन गेले. सलाइन द्यायला डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. वेळ निघून गेली. आता जागं राहायच्या गोळ्या आणि दुपारची ठरलेली झोप, बहुधा जन्मभर.

मी तावातावानं म्हटलं, हे माझ्या सख्ख्या बहिणीचे प्रताप, मला कुणी सांगितलंच नाही. बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. प्रत्येक शेऱ्याखाली पालकांची सही, माझी. तू पत्रात हे लिहिलं नाहीस. आणि ‘नाटकी’च्या खाली माझ्याच हातचं: ‘घरीही हेच करते. आणखी कडक वागा.’

तुझ्यावर रागावायचं तोंड न उरलेली,
धाकटी